एचआयव्हीसोबत जगताना वजन उचलणे: गोळी, खुराक आणि जिममधली सुई

एचआयव्हीची लागण असलेल्या माणसाने जिमला जावं का, वजन उचलावं का, हा प्रश्न मोहल्ल्यात कुणी मोठ्याने विचारत नाही. विचारायचा तर लागण कुणाला आहे हे आधी सांगावं लागतं. मग अम्मी गप्प, अब्बा गप्प, मुलगाही गप्प. शेवटी उत्तर मिळतं ते जिममधल्या ट्रेनरकडून, आणि त्या बिचाऱ्याला मुलाच्या आजाराची कल्पनाच नसते.

म्हणून या लेखात आम्ही या विषयाची माहिती एका ठिकाणी देत आहोत. थोडक्यात उत्तर आधी सांगून टाकतो. गोळी रोज चालू असेल, रक्तातला विषाणू दाबला गेला असेल आणि तब्येत स्थिर असेल, तर वजनाचा व्यायाम चालतो. नुसता चालत नाही, फायद्याचा आहे. धोका असतो तो गोळी सुटण्यात, आणि जिमच्या कोपऱ्यात गुपचूप मिळणाऱ्या इंजेक्शनात. बाकीचा लेख या दोन गोष्टींभोवतीच फिरतो.

सुकत जाणारं शरीर

एड्स म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे अजूनही हाडांचा सापळा झालेला माणूस येतो. ही भीती उगाच आलेली नाही. युगांडात १९८५ च्या सुमारास लोक या आजाराला ‘स्लिम’ म्हणू लागले होते, कारण माणूस बघता बघता सुकत जाई. १९८७ मध्ये अमेरिकेच्या आरोग्य खात्याने याची व्याख्याच केली: दुसरं कारण नसताना दहा टक्क्यांहून जास्त वजन घटणं आणि सोबत महिनाभर जुलाब किंवा ताप व अशक्तपणा. न्यूयॉर्कच्या डोनाल्ड कोटलर यांनी १९८९ मध्ये दाखवून दिलं की या रुग्णांचा मृत्यू कधी येतो याचा संबंध शरीरातलं स्नायूंसारखं जिवंत मांस किती घटलं याच्याशी आहे. स्नायू टिकवणं म्हणजे दिखावा नव्हे, ती जगण्याची बाब आहे, हे डॉक्टरांना तेव्हापासून कळू लागलं.

त्या काळात प्रभावी औषधं नव्हती. १९९६ पासून तीन औषधं एकत्र देण्याची पद्धत आली आणि चित्र पालटलं. भारतात सरकारी केंद्रांतून मोफत औषध १ एप्रिल २००४ पासून सुरू झालं. २०१७ पासून नियम असा झाला की लागण सापडली की सीडी-४ पेशी कितीही असोत, उपचार लगेच सुरू करायचा. आज बहुतेक रुग्णांना टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर ही तीन औषधं असलेली एकच गोळी दिवसातून एकदा घ्यायची असते. एआरटी केंद्रात तिला टीएलडी म्हणतात. ही गोळी नियमित घेणाऱ्याच्या रक्तात काही महिन्यांत विषाणू तपासणीत सापडेनासा होतो. तो तसाच दाबलेला राहिला तर पती-पत्नीच्या संबंधातूनही लागण पुढे जात नाही.

सुकण्याची जुनी भीती आता बऱ्याच अंशी उलटी झाली आहे. डोल्युटेग्रॅव्हिर सुरू केल्यावर अनेकांचं वजन वाढतं, पोट सुटतं, साखर आणि कोलेस्टेरॉलची काळजी लागते. एचआयव्ही असलेल्यांमध्ये हृदयविकाराचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, टेनोफोव्हिरमुळे हाडांची घनता थोडी कमी होते. या सगळ्यावर वजनाचा व्यायाम उपयोगी पडतो. म्हणजे पूर्वी मांस टिकवायला व्यायाम हवा होता. आता साखर, चरबी, हाडं आणि हृदय सांभाळायला हवा आहे.

मणिपूरचे प्रदीपकुमार

उदाहरण आपल्याच देशातलं आहे. ईशान्य भारतात १९८० आणि ९० च्या दशकांत हेरॉइनच्या नशेत एकमेकांची सुई वापरण्यातून एचआयव्ही झपाट्याने पसरला, आणि मणिपूरला त्याचा फार मोठा फटका बसला. खुंद्रक्पम प्रदीपकुमार सिंग यांना लागण याच वाटेने झाली. २००० साली तपासणीत ती कळली. औषध घेत, पथ्य सांभाळत ते व्यायामाकडे वळले आणि २००७ मध्ये ‘मिस्टर मणिपूर’ झाले. पुढे आंतरराष्ट्रीय स्पर्धांतही त्यांनी पदकं मिळवली. आपली लागण त्यांनी जगाला उघड सांगितली. जयंत कलिता यांनी त्यांच्यावर लिहिलेल्या पुस्तकाचं नाव ‘आय ॲम एचआयव्ही पॉझिटिव्ह, सो व्हॉट?’ असं आहे. एचआयव्ही आहे, मग काय झालं?

प्रत्येकाने स्टेजवर जावं असं आम्ही म्हणत नाही. स्पर्धेच्या पेहरावात उभं राहणं सतरच्या दृष्टीने अनेक घरांना पटणार नाही, तो ज्याचा त्याचा विचार. शिवाय स्पर्धेच्या आधी पाणी तोडून शरीर कोरडं करण्याची जी रीत आहे, ती टेनोफोव्हिर घेणाऱ्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकते. व्यायामाचा फायदा मिळवायला स्टेजची गरज नसते.

व्यायामाने काय होतं, काय होत नाही

कॅनडाच्या संशोधक केली ओब्रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावरचे अनेक अभ्यास एकत्र करून तपासले आहेत. त्यांचा निष्कर्ष सरळ आहे: ज्यांची तब्येत स्थिर आहे अशा एचआयव्हीग्रस्त प्रौढांसाठी आठवड्यातून तीन वेळा, टप्प्याटप्प्याने वजन वाढवत केलेला व्यायाम सुरक्षित दिसतो. ताकद वाढते, दम वाढतो, स्नायू सुधारतात, मनाची मरगळही कमी होते.

पण विषाणूच्या संख्येवर व्यायामाचा म्हणावा असा परिणाम होत नाही. हे वाक्य दोनदा वाचावं अशी विनंती. अंग भरलं, आरशात छाती दिसू लागली, लोक ‘माशाअल्लाह, काय तब्येत केलीय’ म्हणू लागले की पोराला वाटतं आता गोळीची काय गरज. गोळी थांबली की विषाणू काही आठवड्यांतच पुन्हा वर येतो, आणि औषधाला दाद न देणारा होण्याची भीती असते. पिळदार दंडाच्या आतही तो वाढत राहतो. बाहेरून काही कळत नाही.

कलौंजी, मध, खजूर यांच्याबाबतही तेच. खा, जरूर खा. पण त्यांच्या भरवशावर गोळी सोडू नका. आजारी पडल्यावर इलाज करण्याची ताकीद हदीसमध्येच आहे, आणि या आजाराचा इलाज आज ती गोळी आहे. ‘एचआयव्ही मुळापासून बरा करतो’ असं सांगून पैसे घेणारा हकीम असो, वैद्य असो की डॉक्टर, त्याच्या दारातून परत फिरावं.

आणखी एक गोष्ट जुन्या रुग्णांसाठी. पूर्वी स्टॅव्हुडिन नावाचं औषध दिलं जाई. त्याने गाल बसत, हातापायांची चरबी जाई, शिरा वर येत. ते औषध आता बंद झालं आहे. बसलेले गाल व्यायामाने भरत नाहीत. पोटाच्या आतली चरबी मात्र कमी होते, हातापायांना स्नायूंचा आकार येतो.

कुणी थांबावं

लागण नुकतीच कळली असेल, सीडी-४ फार कमी असतील, टीबीचा उपचार चालू असेल, ताप येत असेल, जुलाब लागले असतील किंवा हिमोग्लोबिन घटलं असेल, तर जिमची घाई नको. गोळी सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत दबलेले आजार उफाळून येऊ शकतात, विशेषतः उपचार उशिरा सुरू झाला असेल तर. या काळात घराजवळ चालणं पुरे. ज्यांच्या औषधात झिडोव्हुडिन आहे त्यांना रक्तक्षयाचा त्रास होऊ शकतो. चार पायऱ्यांत धाप लागत असेल तर आधी रक्त तपासा.

खुब्यात किंवा जांघेत दुखतंय, आणि विश्रांती घेऊनही आठवडे जातात पण थांबत नाही? मग ‘स्नायू ताणला असेल’ म्हणून सोडू नका. एचआयव्ही असलेल्यांत खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा बंद पडण्याचा आजार इतरांपेक्षा जास्त दिसतो. त्यावर स्क्वॉट मारत राहिलं तर सांधा कायमचा जाऊ शकतो.

सुरुवात कशी करावी

आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सोडून, पाऊण तास. पाय, पाठ, छाती, खांदे या मोठ्या स्नायूंचे पाच-सहा व्यायाम. प्रत्येकाचे दोन किंवा तीन सेट, एका सेटमध्ये आठ ते बारा वेळा. शेवटच्या दोन वेळा जड गेल्या पाहिजेत, पण श्वास कोंडून चेहरा लाल होईल इतकं नाही. बारा वेळा सहज जमू लागलं की वजन थोडंसं वाढवायचं. आधी दहा मिनिटं अंग गरम करणं टाळू नये. इतर दिवशी भरभर चालावं. नमाजच्या हालचालींनी सांधे मोकळे राहतात, पण तो वजनाचा व्यायाम नव्हे. कुणी तसं सांगून जिम टाळत असेल तर ती पळवाट समजावी.

स्नायू व्यायामात नाही, झोपेत आणि जेवणात वाढतात. व्यायाम करणाऱ्याला शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिनं लागतात. साठ किलोच्या माणसाला ७२ ते ९६ ग्रॅम. हे आपल्या स्वयंपाकघरातूनच निघतं. चार अंड्यांत साधारण २४ ग्रॅम, दीडशे ग्रॅम शिजवलेल्या चिकनमध्ये ४० च्या आसपास, दोन वाट्या डाळीत बारा-तेरा, ग्लासभर दुधात सहा-सात. झाले ऐंशीच्या वर, चपाती-भात धरलाच नाही. हात आखडता असेल तर सोयाबीनच्या वड्या, शेंगदाणे, चणे. कोकणातल्या घरांत सुकट आणि बोंबील असतातच, फक्त खारवलेली मासळी रक्तदाब असणाऱ्याने बेताने खावी. तळलेल्या मटणाला खुराक म्हणण्याची सवय मात्र सोडायला हवी.

कच्ची अंडी फोडून पिण्याची तालमीतली जुनी रीत या आजारात नको. त्यातून पोटाचा जंतुसंसर्ग होऊ शकतो, आणि सीडी-४ कमी असेल तर तो रक्तात पसरतो. उकडलेल्या अंड्यातलं प्रथिन उलट जास्त चांगलं पचतं. दूधही उकळूनच.

गोळी आणि पावडरचा डबा

प्रथिनांची पावडर म्हणजे विष नाही, जादूही नाही. ती दुधापासून काढलेली असते. जेवणातून प्रथिनं पुरत असतील तर डब्यावर पैसे घालवण्याचं कारण नाही. घेतलीच तर सीलबंद, बिल देणाऱ्या दुकानातून.

खरी गोष्ट वेगळी आहे, आणि ती जिममध्ये कुणी सांगत नाही. डोल्युटेग्रॅव्हिर हे औषध कॅल्शियम, लोह, जस्त, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम यांना चिकटून बसतं आणि मग रक्तात नीट जात नाही. वजन वाढवण्याच्या पावडरी, मल्टिव्हिटॅमिन, कॅल्शियमच्या गोळ्या, ॲसिडिटीचं गुलाबी किंवा पांढरं औषध, सगळ्यांत यातलं काही ना काही असतं. नियम असा: एचआयव्हीची गोळी या वस्तूंच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावी. कॅल्शियम आणि लोहाची गोळी भरपेट जेवणासोबत एचआयव्हीच्या गोळीबरोबर घेतली तर चालते. ॲसिडिटीच्या औषधाला मात्र ही सवलत नाही. रोज शेकसोबत गोळी गिळणारा मुलगा प्रामाणिकपणे औषध घेत असतो आणि तरी विषाणू दबत नाही, असं होऊ शकतं. घरात मधुमेह असेल आणि मेटफॉर्मिन चालू असेल तर तेही एआरटी केंद्रात सांगावं. डोल्युटेग्रॅव्हिरमुळे त्याचं रक्तातलं प्रमाण वाढतं आणि डोस कमी ठेवावा लागतो.

ही माहिती टीएलडी गोळीची आहे. ज्यांची औषधं दुसऱ्या फळीतली आहेत त्यांचे नियम वेगळे, त्यांनी आपल्या केंद्रातल्या औषधवाल्याला डबा नेऊन दाखवावा. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही.

दुसरा घोळ रक्ताच्या रिपोर्टचा. टेनोफोव्हिर घेणाऱ्यांचं क्रिएटिनिन तपासतात, कारण हे औषध काहींच्या मूत्रपिंडाला त्रास देतं. आता गंमत बघा. डोल्युटेग्रॅव्हिरमुळे मूत्रपिंड ठणठणीत असतानाही क्रिएटिनिन थोडं वाढतं. स्नायू जास्त असतील तरी वाढतं. क्रिएटिन नावाची पावडर घेतली तरी वाढतं. तिन्ही एकत्र आले की रिपोर्ट बघून डॉक्टर चक्रावतात आणि चांगली चाललेली गोळी बदलण्याची वेळ येते. तसंच यकृताच्या तपासणीतले एसजीओटी आणि एसजीपीटी हे आकडे जोरदार व्यायामानंतर काही दिवस वर राहतात, कारण ते स्नायूंतूनही येतात. तपासणीच्या आधी आठवडाभर जड वजन उचलू नये. आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगावं: मी व्यायाम करतो, ही ही पावडर घेतो.

अंग दुखतं म्हणून डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या रोज खाणंही थांबवा. टेनोफोव्हिरसोबत त्या मूत्रपिंड एकदम बसवू शकतात. लघवी चहासारखी काळपट झाली आणि स्नायू भयंकर दुखत असतील तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

रमजानमध्ये

दिवसातून एकदाची गोळी असेल तर रोज्यात अडचण नाही. ती सहरीला घ्या किंवा इफ्तारला, पण महिनाभर एकच वेळ ठेवा. वेळ बदलायची असेल तर रमजानच्या आठवडाभर आधी केंद्रात विचारून बदलावी. आता वर सांगितलेला नियम इथे लावून बघा. इफ्तारला भजी, समोसे, कबाब झाले की छातीत जळजळ, मग ॲसिडिटीचं औषध. असं ज्यांचं होतं त्यांनी एचआयव्हीची गोळी सहरीला ठेवणं बरं. संध्याकाळचं औषध आणि पहाटेची गोळी यांत नऊ-दहा तासांचं अंतर आपोआप पडतं.

दिवसातून दोन वेळा औषध असणाऱ्यांनी आणि ज्यांची तब्येत अजून सावरलेली नाही त्यांनी रोज्याचा निर्णय डॉक्टर आणि जाणत्या आलिमांना विचारून घ्यावा. आजाऱ्याला सवलत कुराणातच दिलेली आहे. व्यायाम इफ्तारनंतर तास-दीड तासाने किंवा तरावीहनंतर, आणि नेहमीपेक्षा हलका. या महिन्यात वजन वाढवायचं नाही, आहे ते टिकवायचं. भर दुपारी रोज्यात घाम गाळून पाण्याविना राहणं मूत्रपिंडाच्या मुळावर येऊ शकतं.

जिममधली सुई

आता ज्याच्यासाठी हा लेख खरं तर लिहायला घेतला, त्याकडे येतो.

‘कोर्स कर’, ‘सायकल मार’, ‘डेका लाव’, ‘टेस्टो घे’. ही भाषा तालुक्याच्या गावातल्या जिममध्येही ऐकू येते. ही सगळी ॲनाबॉलिक स्टेरॉइडं, म्हणजे पुरुषी संप्रेरकाची रूपं. एचआयव्ही असलेल्या मुलाला त्यांच्याबद्दल एक अर्धवट गोष्ट ऐकवली जाते: ‘अरे, अमेरिकेत एड्सच्या पेशंटला डॉक्टर हेच देतात.’

यात अर्धं खरं आहे. १९९० च्या दशकात सुकत चाललेल्या रुग्णांना तिथले डॉक्टर टेस्टोस्टेरॉन, नँड्रोलोन, ऑक्झँड्रोलोन देत. १९९६ मध्ये वाढीचं संप्रेरकही या कारणासाठी मंजूर झालं. ह्यूस्टनचे नेल्सन व्हर्जेल स्वतः एचआयव्हीसोबत जगणारे. त्यांनी आणि मायकेल मूनी यांनी ‘बिल्ट टू सर्व्हाइव्ह’ हे पुस्तक याच विषयावर लिहिलं. पण ती माणसं मरणाच्या दारात होती, आणि डोस डॉक्टर ठरवत, रक्त तपासत. २२ वर्षांच्या, साठ-सत्तर किलोच्या, विषाणू दाबलेल्या पोराला ते लागू होत नाही. त्याला काही सुकायचा आजार झालेला नाही.

काहींच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन खरोखर कमी असतं, एचआयव्हीमध्ये ते जास्त दिसतं. सतत थकवा, इच्छा नसणं अशी लक्षणं असतील तर सकाळच्या रक्तात ते तपासतात, कमी निघालं तर पुन्हा तपासून डॉक्टर उपचार देतात. हा इलाज आहे. जिममधल्या बॅगेतून निघणारी बाटली हा इलाज नाही.

तिने काय होतं? चांगलं कोलेस्टेरॉल कोसळतं, रक्त घट्ट होतं, हृदयाचा स्नायू जाड होतो. एचआयव्हीमुळे हृदयाचा धोका आधीच वाढलेला, त्यात ही भर. तोंडाने घ्यायच्या स्टेरॉइडांनी यकृत बिघडतं. कावीळ ब किंवा क सोबत असेल तर जास्तच. शुक्रजंतू बनणं थांबतं. लग्न ठरलेल्या मुलांनी हे नीट ऐकावं. बाहेरून मर्दानगी दिसते आणि आत बीजकोश आक्रसतात. बंद केल्यावर भरून यायला महिने, कधी वर्षं लागतात. छातीत गाठी येतात, संताप अनावर होतो आणि तो घरातल्यांवर निघतो.

सुई तर त्याहून वाईट. तीन-चार मित्र मिळून एक मोठी बाटली घेतात. ‘आम्ही सुई वेगवेगळी वापरतो’ म्हणतात. पण वापरलेली सुई किंवा सिरिंज एकदा जरी त्या बाटलीत परत बुडाली तरी बाटलीच दूषित होते, आणि पुढच्या प्रत्येकाला एचआयव्ही, कावीळ ब, कावीळ क यांचा धोका. मणिपूरमध्ये हेरॉइनच्या सुईने जे केलं तेच स्टेरॉइडची सुई करू शकते. नशा नाही, व्यायाम आहे, म्हणून विषाणू सूट देत नाही. स्पर्धेच्या आधी अंगावरचे केस काढायला एकच रेझर फिरवतात, तेही बंद व्हायला हवं.

ज्या वालिदैनना वाटतं आपला मुलगा दारू पीत नाही, सिगारेट ओढत नाही, जिमला जातो, अल्हम्दुलिल्लाह, त्यांनी हेही बघावं: तीन महिन्यांत दहा-बारा किलो चढले का? पाठीवर, खांद्यावर मुरुमांचे पुरळ आले का? पैसे कुठे जातात? ओरडून उपयोग नाही, तो लपवू लागेल. त्याला सरकारी रुग्णालयातल्या तपासणी केंद्रात न्या. एचआयव्हीची तपासणी तिथे मोफत आणि गुप्त असते. लागण होऊन तपासणीत दिसायला काही आठवडे जातात, म्हणून पहिली तपासणी निगेटिव्ह आली तरी तीन महिन्यांनी पुन्हा करावी. कावीळ क बहुतेकांची बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बरी होते, सरकारी कार्यक्रमात ते औषध मोफत आहे. कावीळ ब ची लस तीन डोसांत मिळते आणि एचआयव्ही असलेल्याने ती घेतलेली असावी.

घरातल्या बायकांसाठी

जिमचं बोलणं पुरुषांभोवतीच फिरतं. पण आपल्या समाजात लागण असलेल्या अनेक स्त्रिया आहेत. त्यांतल्या कितीतरी जणींना ती नवऱ्याकडून आली, काही आता विधवा आहेत, मुलं सांभाळून शिवणकाम करतात. टेनोफोव्हिर आणि वाढतं वय दोन्ही मिळून त्यांची हाडं ठिसूळ होतात, पाळी थांबल्यावर तर लवकर. त्यांना लेडीज जिम मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तर दार लावून घरात: खुर्चीवरून हात न टेकता पंधरा वेळा उठणं-बसणं, भिंतीला हात लावून दंड, पाण्याने भरलेल्या दोन बाटल्या खांद्याच्या वर नेणं, पाच किलोच्या तेलाच्या डब्याला धरून कमरेतून वाकणं आणि पाठ सरळ ठेवून उठणं. आठवड्यातून तीनदा, वीस मिनिटं. बाजी, हसू नका. सहा महिन्यांनी जिना चढताना फरक कळेल. पोटुशी असाल तर डॉक्टरांना विचारून.

शेजारच्याला धोका आहे का, सांगावं लागतं का

घामाने, बेंचने, डंबेलने, एका ग्लासातलं पाणी प्यायल्याने, हात मिळवल्याने एचआयव्ही पसरत नाही. हात सोलवटून रक्त आलं तर पट्टी बांधावी, सांडलेलं रक्त पुसून जंतुनाशक लावावं, हा नियम जिममधल्या सगळ्यांनाच लागू.

२०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. लोकांसाठी खुल्या असलेल्या सुविधेत लागणीमुळे कुणाला प्रवेश नाकारणं हा त्यानुसार भेदभाव ठरतो, आणि संमतीशिवाय कुणाची लागण उघड करता येत नाही. जिमच्या फॉर्मवर ती लिहिण्याची सक्ती नाही. ट्रेनरला एवढं सांगितलं तरी पुरतं: माझं रोजचं औषध चालू आहे, डॉक्टरांनी व्यायामाची परवानगी दिली आहे, पाणी तोडायचं नाही, इंजेक्शन घ्यायचं नाही. मोहल्ल्यातल्या जिममध्ये बातमी फुटण्याची भीती वाटत असेल तर दोन स्टॉप पलीकडचं जिम निवडावं. हे भित्रेपण नव्हे, व्यवहार आहे.

औषध, तपासणी, जवळचं एआरटी केंद्र याबद्दल काहीही विचारायचं असेल तर १०९७ हा सरकारी मोफत क्रमांक आहे. तिथे नाव सांगावं लागत नाही. विषाणूची तपासणी उपचार सुरू झाल्यावर सहाव्या आणि बाराव्या महिन्यात, मग दरवर्षी होते. ती तारीख जिमच्या वहीतच लिहून ठेवावी, वजन आणि सेट लिहितात त्याच पानावर.